पाऊण इंच

कूसी लेक, मिशिगन
२७ ऑक्टोबर १९८६

ओनीकाका,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण गेल्या खेपेला मी अर्धा तास ओरडले आणि शेवटी तू म्हणालास, "बरं, काय ते पत्रात लिही." आयुष्यभर ऐरणीवर लोखंड बडवलंस, त्याचे कान आम्ही भोगतोय. म्हणून लिहितेय.

काम आहे. माझ्या वॅगनच्या मागच्या स्प्रिंगा बसल्यात. गाडी दहा वर्षांची, आणि अख्खा हिवाळा रस्त्यावरचं मीठ खाते. टपाल भरलं की बूड जमिनीला आणि नाक आभाळाला. दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. घुबडांना उजेड दाखवायचा पगार मला कोणी देत नाही. रोजचे बासष्ट मैल आहेत, वाटेत एकशे चाळीस टपालपेट्या, आणि त्यात ते तळ्याचं वळण. गेल्या हिवाळ्यात तिथं दोनदा मागची बाजू निसटली. मी काही बाबांसारखी जोरात चालवत नाही, तरी निसटली. तिसऱ्यांदा कदाचित मी सांगायला उरणार नाही. आणि घरात आई आणि मी दोघीच, हे तुला माहीत आहे.

गॅरेजवाला हेल्मर म्हणतो, सगळ्यात कडक आणि सगळ्यात उंच स्प्रिंग टाक, बर्फातून बोटीसारखी जाईल. हेल्मर बोटीबद्दलही असंच बोलतो आणि त्याची बोट बुडाली. स्प्रिंगांमधलं तुझ्याइतकं इथं कोणाला कळत नाही. कुठल्या टाकू ते सांग.

आई तुला नमस्कार सांगत नाही. विचारलं मी, ती म्हणाली, "भांडी राहिलीत." नेहमीसारखंच.

तुझी,
आइला


यूमा, ॲरिझोना
४ नोव्हेंबर १९८६

आइला,

हेल्मरला सांग, बोनेट झाकून घरी जा.

कडक स्प्रिंग बर्फात घालायची नाही. नीट वाच. बर्फाचा रस्ता सपाट नसतो, गोठलेल्या चाकोऱ्यांचा असतो. स्प्रिंग कडक असली आणि वर वजन कमी असलं, की चाक प्रत्येक गाठीवरून उडी मारतं. उडालेलं चाक काहीही धरत नाही. तुझी गाडी मागच्या चाकांनी ढकलणारी आहे, तेव्हा मागचं चाक जमिनीवर पाहिजे म्हणजे पाहिजे.

फार मऊही नको. टपाल भरल्यावर बूड टेकेल, पुढची चाकं हलकी होतील, स्टिअरिंग फिरवशील आणि गाडी सरळच जाईल. फार उंचही नको. वळणावर उंच गाडी झुकते.

तुला पाहिजे ती स्प्रिंग एका टोकाला दाट वेटोळ्यांची असते, दुसऱ्या टोकाला विरळ. रिकामी असताना मऊ चालते, भरली की आपोआप ताठ होते. सकाळी भरलेली आणि दुपारी रिकामी अशी गाडी असेल तर दुसरं काही बघूच नये. उंची मूळच्यापेक्षा अर्धा इंच जास्त चालेल, त्याहून नाही. वरचा रंगाचा थर जाड आणि अखंड बघून घे. खरचटलेली स्प्रिंग मिठानं आतून खाल्ली जाते आणि तुटते ती ऐन थंडीत. दोन्ही एकदम बदल, एक नवी एक जुनी असला आचरटपणा करू नकोस.

बसवल्यावर सपाट फरशीवर उभी कर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोज आणि आकडा मला कळव. डोळ्यांवर जाऊ नकोस. डोळे खोटं बोलतात.

इथं पारा अजून ऐंशी फॅरनहाइटच्या वर आहे. लोक नोव्हेंबरात अंगणात कणसं भाजतात. माझ्या सांध्यांना बरं वाटतं.

ओनी


कूसी लेक
२३ नोव्हेंबर १९८६

ओनीकाका,

स्प्रिंगा बसल्या. तू म्हणालास तशाच, एका टोकाला दाट. हेल्मरनं तोंड वाकडं केलं, पण काम चोख केलं. उंची भरली सोळा इंच, दोन्ही बाजूंना. जुन्यांची साडेचौदा होती. पहिल्या दिवशी गाडी इतकी गुणी चालली की मी पेट्यांपाशी उगाच हळू केलं, कोणी बघतंय का म्हणून. कोणी बघत नव्हतं. सगळे हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या तयारीत.

मोसमावरून आठवलं. आदल्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानापुढं नेहमीची रांग होती, सगळ्या गावाच्या डिक्यांमध्ये वाळूची पोती चढत होती. हेल्मर म्हणाला, तूही टाक, मागची चाकं दाबून राहतील. आमच्या घरात वाळू कधीच आली नाही, तुला आठवत असेल. आईला चालत नाही. का, ते सांगत नाही. मला वाटलं तू पत्रात वाळूबद्दल काहीतरी लिहिशील, पण तू चकार शब्द काढला नाहीस. मग मीही टाकली नाही.

आता जरा विचित्र गोष्ट. तेरा तारखेला पहिला बर्फ पडला. मी वळणापर्यंत ठीक होते. वळणाच्या पुढं तीनच पेट्या राहतात, म्हणजे गाडी तोवर रिकामीच असते. वळण घेतलं आणि समोरचे दिवे हळूच वर चढले. झाडांच्या शेंड्यांवर. मला वाटलं स्प्रिंग तुटली. घरी येऊन टेप लावली तर सव्वापंधरा. दोन्हीकडे सव्वापंधरा.

गुरुवारी ऊन पडलं, रस्ते वितळले, परत सोळा. शुक्रवारी बर्फ, परत सव्वापंधरा. हेल्मर म्हणतो, टेप थंडीनं आखडते. मी म्हटलं, आखडली तर आकडा वाढेल ना रे बाबा. तेव्हापासून तो माझ्याशी कमी बोलतो.

स्प्रिंगा खराब निघाल्या का? खरं सांग, परत पाठवायच्या तर लवकर पाठवाव्या लागतील.

आइला


यूमा
२ डिसेंबर १९८६

आइला,

नवी स्प्रिंग एका आठवड्यात पाऊण इंच बसत नाही. आणि बसलेली स्प्रिंग ऊन पडलं म्हणून उठत नाही. म्हणजे स्प्रिंगांचा दोष नाही. वजन आहे.

चाकांच्या कमानींमध्ये बर्फ थापला जातो, तो घट्ट होतो आणि जड असतो. खराट्याच्या दांड्यानं पाडून टाक. पेट्रोलची टाकी किती भरली होती ते लिहिलं नाहीस. गाडी गॅरेजमध्ये घे, दार बंद कर, सगळं वितळून खाली येऊ दे. डिकीतून जॅक, फावडं, जादा चाक, सगळं बाहेर काढ. झाडून घे. तू स्वतः बाहेर ये. मग मोज. दोन्ही बाजू मोज आणि वेगवेगळ्या लिही.

त्या स्प्रिंगेला एक इंच दाबायला एकशे वीस पौंड लागतात. दोन स्प्रिंगा आहेत. हिशेब तुझा तू कर, शाळेत बरी होतीस.

वळणावर हळू जा.

ओनी


कूसी लेक
१४ डिसेंबर १९८६

ओनीकाका,

सगळं केलं. बर्फ पाडला, गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवली, टपाल हेल्मरच्या ट्रकमधून वाटलं आणि त्याचे टोमणे ऐकले. डिकी झाडून, पुसून, एक खिळासुद्धा ठेवला नाही. टाकी निम्मी. मी बाहेर. डावी सव्वापंधरा. उजवी सव्वापंधरा. दोन दिवस गाडी चुलीच्या उबेला उभी होती काका, पण बाहेर बर्फ पडत होता.

हिशेब केला. एकशे ऐंशी पौंड.

जेवताना मी आईला सहज विचारलं, बाबांचं वजन किती होतं? ती म्हणाली, बूट आणि कोट धरून एकशे ऐंशी असेल. का विचारतेस, असं तिनं विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. तळ्याचं वळण, पाऊण इंच, सगळं. मला वाटलं रडेल किंवा मला वेडी म्हणेल. ती बराच वेळ कॉफी ढवळत बसली, साखर न घालताच. मग म्हणाली, "ओनीला विचार वाळूचं काय झालं." मी म्हटलं, कुठली वाळू? तर उठून आत गेली.

तिचं वय झालंय. मी ते सोडून दिलं.

मला मात्र आता भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण वेगळी. तुला हसायला येईल, पण वळण आलं की मी "या बाबा" म्हणते. ते त्या वळणावर गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, आवाजसुद्धा नीट आठवत नाही. सगळं गाव म्हणतं, सूलो जोरात चालवायचा, त्याची चूक त्याला भोवली. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले. आता ते मागं बसून माझ्याकडं बघतायत, पोरगी तरी हळू चालवते का म्हणून.

एकच खटकतं. ब्रेक लावला की मागं काहीतरी सरकतं. धप्प असा आवाज येतो, ओल्या कपड्यांचं गाठोडं पडावं तसा. माणूस बसला असेल तर असा आवाज का यावा?

आइला


कूसी लेक
४ जानेवारी १९८७

ओनीकाका,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. नाताळचं कार्ड आलं, त्यात नुसती सही. आजारी आहेस का? शेजाऱ्याला सांगून दोन ओळी तरी टाक.

मला तुझ्याशिवाय हे कोणाला लिहिता येत नाही, म्हणून परत लिहितेय.

परवा दोन तारखेला मी मरता मरता वाचले. वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला, भरलेला, रस्त्याच्या मधोमध. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून मी स्टिअरिंगसमोर न बसता उजव्या सीटवर बसते आणि डाव्या हातापायानं चालवते, एवढ्या घाईत धड ब्रेकही दाबता येत नाही. स्टिअरिंग वळवलं आणि मागची बाजू निसटली. तळ्याकडं. काठावरचे खुंट मला खिडकीत दिसले. मग मागून काहीतरी बसलं. काका, मी शपथेवर सांगते, कोणीतरी दोन्ही हातांनी गाडीचं बूड धरून खाली दाबावं तसं झालं. चाकांनी रस्ता धरला. ट्रक शेजारून गेला, त्याचा आरसा माझ्या आरशाला घासला.

मी गाडी थांबवून बाहेर आले आणि डिकी उघडली. का उघडली माहीत नाही. आत काही नव्हतं. पण खालचा गालिचा ओला होता, पिळला तर पाणी निघेल इतका, आणि त्या पाण्याला तळ्याच्या तळाचा वास येत होता. आणि गालिचावर खोलगट दाबल्या जागा होत्या. एक नाही, तीन. आडव्या, एकीला लागून एक, तिन्ही सारख्या लांबीच्या.

बाबा तर एकच होते. मग तीन खड्डे कसले?

आईला नाही सांगितलं. तुला काही ठाऊक असेल तर सांग. मला रोज त्या वळणावरून जायचं आहे.

आइला


यूमा
१३ जानेवारी १९८७

आइला,

आजारी नाही. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

तुझ्या पहिल्या आकड्यापासून मला माहीत होतं. सव्वापंधरा लिहिलंस, दोन्हीकडे. माणूस बसला की एक बाजू जास्त दबते. दोन्हीकडे सारखं दबलंय म्हणजे वजन आडवं पसरलंय. एकशे ऐंशी पौंड म्हणजे साठ-साठची तीन पोती. सूलो नाही तो. ती वाळू आहे.

सूलोच्या गाडीला स्प्रिंगा मी बसवल्या होत्या. सगळ्यात कडक. हेल्मर आज जे बोलतो ते तेव्हा मी बोलायचो, तो माझ्याच गॅरेजात शिकला. कडक स्प्रिंग चालते, पण मागं वजन कायम असेल तरच, म्हणून मी सूलोला सांगितलं होतं, तीन पोती टाक आणि तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत काढू नकोस. तो माझं ऐकायचा. धाकटा होता.

१९६७ च्या जानेवारीत शनिवारी त्याची गाडी माझ्याकडे ब्रेकसाठी आली. रविवारी माझा ट्रक अंगणात रुतला. हातभर बर्फ होता, खाली काचेसारखा गुळगुळीत गोठलेला थर. मी सूलोच्या डिकीतली तिन्ही पोती काढली, फाडली आणि माझ्या चाकांखाली पसरली. दुकान रविवारी बंद. म्हटलं, उद्या तीन नवी आणून टाकू, त्याला कळणारही नाही.

सोमवारी, तेवीस तारखेला, तो खाणीच्या पहिल्या पाळीला जायचा म्हणून लवकर आला. मी दारात मोज्यांवर उभा होतो, हातात कॉफी. किल्ली दिली. तो म्हणाला, "ब्रेक लागतात ना रे?" मी म्हटलं, "लागतात." त्यानं गाडी फाटकापर्यंत नेली तेव्हा मला पोती आठवली. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं की तुझी वाळू मी घेतली. आणि बाहेर पळायचं तर पायात बूट नव्हते. मी मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. आणि दार लावून घेतलं. थंडी आत येत होती.

कडक स्प्रिंगा आणि रिकामी डिकी. वळणावर चाकं उडाली असणार. गाडी तळ्यावर गेली आणि बर्फ फुटला.

लोक म्हणाले सूलो जोरात चालवायचा. पहिल्यांदा कोणी म्हटलं ते माहीत नाही. माझ्यासमोर म्हणाले तेव्हा मी मान डोलावली. सूलो कधीच जोरात चालवत नसे. त्याच्या मागं गाड्यांची रांग लागायची.

एप्रिलमध्ये गाडी वर काढली तेव्हा तुझी आई, लेंपी, काठावर उभी होती. डिकी उघडी होती, आत पोती नव्हती. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्याच वर्षी, हिवाळ्याआधी, मी इकडे निघून आलो. सांध्यांचं कारण सांगितलं. माझे सांधे तेव्हाही चांगले होते, आताही आहेत.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच, तू वाळूबद्दल विचारायच्या आधी, मी ठरवलं होतं की तो शब्द लिहायचा नाही. तुला कडक स्प्रिंग नको म्हणून सांगितलं आणि वाटलं, तेवढ्यानं भागेल. सूलोचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं आपली पोती तुझ्या गाडीत ठेवली, कारण काकानं ती टाकायला सांगितली नाहीत.

आता एक कर. तीन पोती घे, साठ पौंडांची, कोरडी. मागच्या चाकांच्या बरोबर वर आडवी लाव, डिकीच्या टोकाला नाही. आधी मोज. एकेक पोतं टाकून मोज. आकडे कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

ओनी


कूसी लेक
२४ जानेवारी १९८७

काका,

आकडे आधी देते.

काल तेवीस तारीख, दिवसभर बर्फ. रिकामी गाडी, डावी सव्वापंधरा, उजवी सव्वापंधरा. पहिलं पोतं टाकलं. सव्वापंधरा. दुसरं टाकलं. सव्वापंधरा. तिसरं टाकलं. सव्वापंधरा. एकशे ऐंशी पौंड गाडीत चढले आणि गाडी केसभरही खाली गेली नाही. मी टेप दुसऱ्या माणसाला धरायला दिली, मला माझ्या हातांचा भरवसा नव्हता. तोच आकडा.

मग तिन्ही काढली. सोळा.

परत टाकली. सव्वापंधरा. आज सकाळी परत मोजली, तेच. वळणावरून जाऊन आले. वळण घेताना वर काही चढलं नाही, खाली काही बसलं नाही. ब्रेक लावला, मागं आवाज नाही. गालिचा कोरडा आहे. मागं फक्त वाळू आहे. मला एकटं वाटलं, हे तुला सांगते. तेवढ्या वेळात मला बाबांची सवय झाली होती.

आता बाकीचं. तू म्हणालास लिहिलं नाहीस तरी चालेल, पण चालणार नाही. मी फार रागावलेय. वाळूवर नाही. वाळू कोणीही घेतली असती, रुतलेल्या ट्रकखाली सगळं गाव जे सापडेल ते टाकतं. बूट घालायच्या आळसावरही नाही, तेही मी स्वतःला समजावीन. पण वीस वर्षं मी माझ्या बापाला बेफिकीर म्हणत राहिले. शाळेत म्हटलं, चर्चमध्ये म्हटलं, तुला पहिल्याच पत्रात म्हटलं, आणि तू ते वाचून स्प्रिंगेच्या वेटोळ्यांबद्दल लिहिलंस. हा राग जाईल की नाही मला माहीत नाही. आज सकाळी हेल्मरच्या गॅरेजात चार माणसं होती. मी सगळ्यांना सांगितलं की सूलो हळू चालवायचा. कसं कळलं ते नाही सांगितलं. ते तू येऊन सांग.

दुसरा माणूस म्हणजे आई होती. तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. ती अर्ध्या तासानं कोट घालून गॅरेजमध्ये आली आणि न विचारता पोत्याचं दुसरं टोक धरलं. वीस वर्षांत तिनं वाळूला हात लावला नव्हता. तिसरं पोतं तिनं एकटीनं ढकललं आणि वर थोपटलं, झोपलेल्या माणसाला थोपटतात तसं.

पोती तळ्यावरचा बर्फ फुटला की काढायची असतात, हे तू आम्हालाच शिकवलंस. आम्हा दोघींना ती परत उचलणं जमणार नाही, कंबर मोडेल. म्हणून मी आईला विचारलं, एप्रिलमध्ये काकाला बोलवू का?

ती भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "बोलव. आणि त्याला लिही, या खेपेला सांगून काढ म्हणावं."

आइला